चीकटोवागाच्या बर्नीचे पंचेचाळीस सेकंद

बर्नाडेट पिलार्स्कीला मी अकरा वर्षं ओळखत होतो, आणि त्या अकरा वर्षांत तिचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. ओळख सगळी आवाजाची. बफेलोतल्या एका रेडिओ केंद्रावर दुपारी तीन ते सहा खेळांवरच्या गप्पांचा कार्यक्रम चालतो. लोकांचे फोन उचलायचे, कोण बोलतंय आणि कशावर बोलायचंय ते विचारायचं, शुद्धीवर असतील त्यांना रॉयकडे सोडायचं आणि उरलेल्यांना गोड बोलून कटवायचं, एवढंच माझं काम. कार्यक्रम चालवतो तो रॉय डेव्हलिन. मंगळवारी चार वाजून वीस मिनिटांनी चौथी लाईन लुकलुकली की मी फोन उचलायच्या आधीच सांगायचो, "रॉय, चीकटोवागाची बर्नी."

"दे दे. बघू आज कुणाची हजेरी घेते."

चार वाजता ब्रॉडवेवरच्या जुन्या बाजारातली तिची पाळी संपायची. तिथे सॉसेजच्या गाळ्यावर ती अठ्ठावीस वर्षं उभी होती. रांगेच्या चिठ्ठीवरचा आकडा पुकारायचा, गिऱ्हाईक पुढे आलं की त्याच्या आईची चौकशी करायची, आणि त्याने मागितलं त्यापेक्षा पावशेर जास्त बांधून द्यायचं. अर्धा बाजार तिला चोचा म्हणायचा. आमच्या पोलिश लोकांत चोचा म्हणजे मावशी. तिचं लग्न झालेलं नव्हतं. शहराला लागून असलेल्या चीकटोवागात, दोन मजली घराच्या वरच्या मजल्यावर ती राहायची आणि खालच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ लिओनार्ड, बायको गेल्यापासून एकटाच.

आमच्या गावात फुटबॉल म्हणजे तो लांबोडक्या चेंडूचा, हाताने फेकायचा खेळ. फेकणारा एक, आणि पळत जाऊन झेलणारे ते रिसीव्हर. बर्नीचं सगळं भांडण या रिसीव्हरांवरून होतं. आमचा संघ दर वर्षी चुकीचाच रिसीव्हर करारावर घेतो, असं तिचं ठाम मत, आणि अकरा वर्षांत तिला ते सात वेळा तरी खरं करून दाखवता आलं होतं.

"उंची बघता, धाव बघता, नाचतो कसा ते बघता," ती म्हणायची. "मार खाऊन चेंडू धरून ठेवतो का, हे कोण बघणार रॉय? तुझी आत्या?"

तिचं दुसरं वेड टीव्हीवरच्या मालिकांचं. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेली, बक्षिसं मिळालेली मालिका आली की ती शेवटच्या भागापर्यंत बघायची आणि मग रिसीव्हरांवर बोलता बोलता तिचीही हजामत करायची. "पहिल्या भागात प्रेत सापडतं. दुसऱ्यात सगळे तळ्याकाठी उभे राहून रडतात. तिसऱ्या हंगामात लिहिणाऱ्यालाच आठवत नाही, मेला होता कोण! तुमचा हा नवा गडी तसलाच. पहिला भाग बघून मालिकेला बक्षीस देऊ नये आणि एक झेल बघून पोराला पाच वर्षांचा करार देऊ नये."

एकाच मालिकेपुढे मात्र ती हात जोडायची. कोळशाच्या खाणीच्या गावातल्या एका न्यायाधीशबाईची ती गोष्ट, पाच हंगामांची. ती बाई मोजकं बोलायची. प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. समोरचा चुळबुळायला लागायचा, आणि शेवटी स्वतःहूनच ओकायचा. त्या गप्प बसण्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली होती. "या एका बाबतीत शहाण्यांचं आणि माझं जमलं," असं बर्नी सांगायची.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातला एक मंगळवार तिच्या फोनाशिवाय गेला. पुढचाही गेला. रॉय म्हणाला, "रुसली की काय?" मी हसलो, पण मनात पाल चुकचुकली. गुरुवारी केंद्राच्या फोनवर एक जाडाभरडा आवाज आला.

"विन्स तूच ना? मी लिओनार्ड पिलार्स्की. बर्नीचा भाऊ. ती म्हणते, म्हणजे म्हणत नाही, पण खुणेने सांगते की तुला कळवायचं."

गाळ्यावरच तिला पक्षाघाताचा झटका आला होता. गिऱ्हाईकाला काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात जीव वाचला, चालताही येऊ लागलं, पण वाचा गेली. समोरच्याचं बोलणं तिला सगळं कळत होतं, डोकं लख्ख होतं. फक्त शब्द ओठांपर्यंत पोचत नव्हते.

"एक सांगतो," लिओनार्ड शेवटी म्हणाला, "रॉयला सांगू नकोस. रेडिओवर माझ्यासाठी मेणबत्त्या लावायच्या नाहीत, असं तिने मला पाटीवर डाव्या हाताने लिहून दाखवलंय."

शनिवारी मी दवाखान्यात गेलो. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पांढऱ्या आखूड केसांची बाई खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिचा आवाज ऐकून मी मनात एक उंच बाई उभी केली होती. काय न्यावं ते सुचलं नव्हतं, म्हणून पुढच्या मार्चमध्ये करारातून मोकळ्या होणाऱ्या रिसीव्हरांची यादी छापून नेली होती. ती तिने मांडीवर पसरली. सगळ्यात वर डॅरियस वेंटवर्थ, त्या वर्षीचा सगळ्यात मोठा तारा. त्याच्या नावावर डावं बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मान लाल झाली. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला.

"न... नको," ती म्हणाली.

लिओनार्ड पलंगाच्या कडेवरून ताडकन उठला. "ऐकलंस? अकरा दिवस झाले, डॉक्टरने पाणी विचारलं, नाव विचारलं, माझं नाव विचारलं. एक शब्द नाही. आणि पहिला शब्द काय, तर त्या पोराला नको!" मग तो बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा तिच्याकडे इमानी वेब यायची. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी तिशीची मुलगी, शांत पण शिस्तीची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मिस पिलार्स्की, आपल्याला एक ध्येय ठरवायचंय. बहुतेक लोक म्हणतात, पाणी मागता यावं, पत्ता सांगता यावा. तुम्हाला काय हवं?"

बर्नीने पाटी ओढली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: मार्च. रेडिओ. पंचेचाळीस सेकंद.

आमच्याकडे एका माणसाला सलग बोलायला तेवढाच वेळ मिळतो.

इमानीने लिओनार्डकडे बघितलं. लिओनार्ड म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. ती ऐकणाऱ्यातली नाही."

"मग पाणी?"

बर्नीने पुन्हा लिहिलं: पाणी उठून घेईन.

मग रोज बोलायला काय घ्यायचं, हा प्रश्न आला. इमानीने आणलेल्या चित्रांच्या पानांवर सफरचंद होतं, कुत्रा होता, छत्री होती. बर्नीने दोन दिवस ती सहन केली. तिसऱ्या दिवशी टीव्हीकडे बोट दाखवलं. ती न्यायाधीशबाईची मालिका. वाक्यं छोटी, खाली अक्षरं उमटतात, आणि दोन वाक्यांमध्ये भरपूर जागा. इमानी थोडा वेळ बघून म्हणाली, "मीही यापेक्षा चांगलं लिहू शकले नसते."

झालं. रोज सकाळी दहा ते बारा लिओनार्ड रिमोट घेऊन बसायचा. बाई बोलली की थांबवायचा. बर्नी म्हणायची, "उभे... राहा." तो पुन्हा मागे न्यायचा. "उभे राहा." पुढचं वाक्य, "तुम्ही त्या वेळी कुठे होता?" याला सोळा दिवस लागले. लिओनार्डला मुळात ती मालिका आवडत नव्हती. त्याला पोलिसांच्या गाड्या एकमेकांवर आपटतात तसलं काहीतरी हवं असे. पण नाताळच्या सुमारास मी गेलो तेव्हा तो मला दारातच गंभीरपणे म्हणाला, "विन्स, खाणीचा व्यवस्थापक खोटं बोलतोय. मी त्याचा तो भाग चाळीस वेळा बघितलाय."

दुपारी रिसीव्हरांची यादी. अडला शब्द की त्याला वळसा घालायचा, हे इमानीचं सूत्र. "करार" येत नसेल तर "सही" म्हणा. फेब्रुवारीत बर्नी लहान लहान वाक्यं बोलू लागली. नावं मात्र दगा द्यायची. मला ती महिनाभर "फोन" म्हणत होती. "ये, फोन. बस."

मार्चच्या ज्या मंगळवारी मोकळे खेळाडू घ्यायला सुरुवात होते, त्या दिवशी आमच्या सगळ्या लाईन भरलेल्या होत्या. वेंटवर्थ आपल्याकडे येणार अशी हवा होती आणि गाव खुळावलं होतं. चार वीसला चौथी लाईन लुकलुकली. तिकडून फक्त श्वास ऐकू आला, मग, "बर्नी."

रॉयला आधी सांगून ठेवायला हवं होतं. ते माझ्या मनात आलंही. पण शब्द दिला होता. मी नेहमीसारखा म्हणालो, "रॉय, चीकटोवागाची बर्नी."

"बर्नी!" रॉय ओरडला. "पाच महिने कुठे तोंड काळं केलं होतंस? बोल, वेंटवर्थ घ्यायचा की नाही?"

"रॉय," ती म्हणाली. "तो... वें... वें..."

आणि तिथेच अडलं. रेडिओवर चार सेकंद कुणी बोललं नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. रॉयने पाच सेकंद वाट बघितली, सहा बघितली. "लाईन तुटलेली दिसते, मंडळी," म्हणाला आणि गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लावली. परत आल्यावर पुढचा फोनवाला म्हणाला, "बर्नी आज दुपारीच बसली वाटतं, रॉय!" आणि रॉय हसला. मोठ्याने.

पुढच्या जाहिरातीत मी आत गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. रॉय तोंडाने फटकळ आहे, मनाने वाईट नाही. त्याने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती."

"शपथ गेली खड्ड्यात! मी आजारी बाईला दारुडी ठरवलं, विन्स. अख्ख्या गावासमोर."

कार्यक्रम संपल्यावर मी तडक चीकटोवागाला गेलो. वाटेत काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं. स्वयंपाकघरात बर्नी टेबलाशी बसली होती, पुढे पाटी. डोळे कोरडे. लिओनार्ड मात्र भडकलेला होता. "बास आता. पुन्हा फोन नाही. स्वतःचं हसं का करून घेतेस? तुला काय गरज आहे?"

बर्नीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पाटीवर वेंटवर्थचं नाव लिहिलं होतं. त्यावर तिने आडवी रेघ मारली.

"नाव... वाईट," ती मला म्हणाली. "नाव... काढलं. तो... मोठा. बास."

म्हणजे ती रडत बसली नव्हती. कुठे अडलं ते शोधत होती. मी रॉयचा निरोप सांगितला: तो माफी मागेल, आणि तिचं म्हणणं लिहून दिलं तर स्वतः मान देऊन वाचेल.

तिने डावा तळहात टेबलावर आपटला. कप उडाला. "माझं... तोंड," ती म्हणाली, "माझं आहे. माफी... नको. वेळ. वेळ दे."

लिओनार्डने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हताश होऊन फ्रीज उघडला, बटाट्याच्या पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, काढल्या आणि कढईत लोणी टाकलं. "खाऊन घ्या दोघं," तो म्हणाला. "मग परत सुरुवातीपासून म्हणायचंय तिला. ओळखतो मी."

बुधवारी दिवसभर त्यांनी तेच केलं. गुरुवारी चार वीसला लाईन लुकलुकली. मी रॉयला काचेतून खूण केली. त्याने जाहिरातीच्या बटणापासून खुर्ची मागे ओढली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला.

"रॉय. बर्नी. चीकटोवागा."

"बोल, बर्नी."

"मला... झटका आला. ऑक्टोबरात. दारू... नाही. दारू... रविवारी."

"बर्नी, मंगळवारचं मी—"

"थांब. माझी... पाळी." श्वास घेतला. "टीव्हीवर... न्यायाधीशबाई. ती थांबते... तिला बक्षीस. मी थांबले... मला... गादी."

रॉयला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळेही पुसावे लागले. तिकडे ती पुढे निघालीच होती.

"आता... रिसीव्हर. तो मोठा... नको. पळतो... छान. मधे... जात नाही. मार... टाळतो. एली... एली प्रुएट. तो घ्या. लहान आहे. पण... पडतो... आणि... चेंडू..."

थांबली. माझ्यासमोर मोठं घड्याळ असतं, सेकंदकाटा लाल. चार. सहा. रॉय हलला नाही. आठ. बाहेरच्या खोलीत जाहिरातींचा हिशेब बघणारा माणूस उठून काचेशी आला आणि हात नाचवू लागला. मी त्याच्याकडे पाठ केली. दहा. अकरा.

"...सोडत नाही," बर्नी म्हणाली. "झालं. ठेवते."

दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते. त्यानंतर सहाही लाईन एकदम लुकलुकल्या. पहिला होता शेजारच्या टोनावांडा गावचा एक निवृत्त सुतार. लहानपणापासून तोतरा, वीस वर्षं कार्यक्रम ऐकणारा, कधी फोन न केलेला. त्याचा एकेक शब्द निघायला वेळ लागत होता, आणि बोलला काय, तर बर्नी साफ चूक आहे, वेंटवर्थच घ्यायला हवा! मंगळवारी हसलेला तो माणूसही फोनवर आला. त्याला मी रॉयकडे सोडलं नाही. बर्नीचा पत्ता घेऊन तिच्याकडे जा म्हणालो. तो गेला, डबाभर स्पंज कँडी, आमच्या गावची चॉकलेटची मिठाई, घेऊन. लिओनार्डने डबा घेतला आणि दार लावलं.

संघाने तिचं ऐकलं का? छे. त्याच संध्याकाळी वेंटवर्थने आमच्याकडे सही केली. लिओनार्ड तिला म्हणाला, "बघ. पाच महिने घासलंस, कुणी ऐकलं?"

"सांगितलं ना," बर्नी म्हणाली. एवढंच.

ईस्टरच्या आठवड्यात ब्रॉडवेच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सॉसेज, किसलेलं हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ, सणाच्या जेवणासाठी लोण्याची घडवलेली कोकरं, यांच्यासाठी दूरच्या उपनगरांतून माणसं येतात. बर्नी मालकाकडे गेली. तो चांगला माणूस, पण घाबरला. "बर्नी, मागे बसून बांधाबांध कर हवं तर. पुकारायला दुसरं कुणी ठेवतो."

"पुकारते," ती म्हणाली. "मी."

एक अडचण होती. सुटा आकडा तिच्या तोंडून निघत नसे, ओळीने मात्र निघत. म्हणून चौऱ्याऐंशी पुकारायचं असेल तर ती ऐंशीपासून सुरुवात करायची आणि शेवटचा आकडा दणकून म्हणायची. पहिल्या दिवशी एकाच वेळी पाच माणसं चिठ्ठ्या नाचवत पुढे घुसली. दुसऱ्या दिवशी बाजाराला सवय झाली. लोक तिच्याबरोबर मोजू लागले, आणि ती खवळली. "गप्प! मी... मोजते!" मालकाने मला नंतर सांगितलं की त्या आठवड्यात त्याच्या गाळ्यापुढची रांग फुलांच्या दुकानापर्यंत गेली होती. ती आता तिथे अर्धा दिवस असते. उजव्या हाताने अजून सुरी धरता येत नाही, ते काम दुसरी बाई करते.

आणि वेंटवर्थ? नोव्हेंबरात, थंडीने बोटं गळावीत अशा दिवशी, शेवटच्या मिनिटाला तो मैदानाच्या मधोमध शिरला. दोन्हीकडून दोन धिप्पाड गडी त्याच्यावर आदळले. तो आडवा झाला, शिरस्त्राण उडालं, आणि चेंडू छातीशी तसाच. सामना आम्ही जिंकलो. मंगळवारी लोक सकाळपासून बर्नीची वाट बघत होते, काहींनी तर टोमणे लिहून ठेवले असतील. चार वीसला ती आली.

"रॉय. मी... चुकले." मग एक मोठा श्वास. "वेंट... वर्थ. मार खाल्ला. धरला. चांगला."

"बर्नी! तू नाव घेतलंस!"

"आठ महिने... लागले. पण... दुसऱ्या बाजूला... रिसीव्हर नाही. पुढच्या मार्चला... तरुण हवा. लिहून घे."

रॉयने खरंच कागद ओढला.

आता इमानीने ग्रंथालयाच्या तळघरात दर बुधवारी सकाळी भरणारा एक गट सुरू केलाय. झटक्याने वाचा गेलेली सातआठ माणसं येतात. लिओनार्ड बर्नीला गाडीने सोडतो आणि टीव्ही जोडून देतो. मागच्या आठवड्यात मी पोचलो तेव्हा एक माजी पोस्टमन, नवाच आलेला, मान खाली घालून बसला होता. महिनाभरात एक शब्दही बोलला नाही, असं त्याची बायको सांगत होती. तिलाच वाईट वाटून ती म्हणाली, "राहू दे आज त्यांना. दमलेत."

बर्नीने आपली खुर्ची उचलली आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवली. बसली.

"कुठला... संघ?" तिने विचारलं.

तो बघत राहिला. बायको उत्तर द्यायला पुढे झाली, तसा बर्नीने हात वर केला. खोलीत कुणी हललं नाही. लिओनार्डच्या हातात रिमोट तसाच होता. पोस्टमनच्या ओठांची हालचाल सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली, आणि बर्नी हात वर धरून बसून राहिली.